मांजर रागावलं की त्याच्या पोटात काय होतं?

तुमच्या घरी मांजर आहे का? पोटभर दूध-भात खाल्ला की स्वारी गोधडीवर अंगाचं मुटकुळं करून बसते आणि घर्र घर्र सुरू होतं. अशा वेळी तिच्या पोटात काय चाललं असेल? तिला न कापता, न टोचता ते पाहता येईल का?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय! एक्स-रे काढायचा." पण थांबा. एक्स-रे म्हणजे शेवटी एक फोटो. लेझीम खेळणाऱ्या मुलाचा फोटो काढला तर एक पाय वर उचललेला मुलगा दिसेल, लेझीम दिसणार नाही. जठर तर जेवणानंतर सारखं हलत असतं. ते पाहायचं तर फोटो नको, सिनेमा हवा! क्ष-किरणांच्या या सिनेमाला म्हणतात फ्ल्युओरोस्कोपी.

गंमत म्हणजे हा सिनेमा एक्स-रेच्या फोटोपेक्षाही थोडासा जुना आहे. १८९५ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या वुर्ट्झबर्ग इथे प्राध्यापक रॉन्टजेन प्रयोग करत होते. त्यांची नळी काळ्या कागदात गुंडाळलेली होती, तरी जवळचा रसायन फासलेला पडदा अंधारात चमकू लागला. मध्ये हात धरला तर पडद्यावर हाताच्या हाडांची सावली! हात हलवला की सावलीही हलणार. पत्नीच्या हाताचा तो प्रसिद्ध फोटो त्यांनी काढला त्यानंतर, २२ डिसेंबरला.

अमेरिकेत एडिसन यांनी १८९६ मध्ये जास्त चांगला चमकणारा पडदा शोधला आणि डोळ्यांना लावून पाहायचं एक खोकं तयार केलं. आता हाडं हलताना दिसू लागली. पण पोट? तिथे अडचण होती. हाडं क्ष-किरणांना चांगली अडवतात, म्हणून त्यांची सावली पडते. जठर, आतडी आणि आजूबाजूचं मांस मात्र किरणांना जवळपास सारखंच अडवतं. सगळीकडे एकच करडा रंग! धुक्यात उभी असलेली पांढरी गाय शोधण्यासारखं.

इथे आपल्या गोष्टीत येतो वॉल्टर कॅनन. १८९६ मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला नव्या किरणांनी गिळण्याची क्रिया पाहायला सांगितली. त्याने युक्ती केली. बिस्मथ नावाच्या जड धातूचं क्षार खाण्यात मिसळलं. जड पदार्थ किरणांना अडवतो, म्हणून घास काळा दिसणार. एका लांब मानेच्या पाळीव हंसाला त्याने असा घास दिला आणि तो घास मानेतून खाली खाली सरकताना पडद्यावर चक्क दिसला.

मग आली मांजरं. जेवलेल्या मांजराला पडद्यामागे निवांत पडू द्यायचं आणि अंधारात पाहत बसायचं. कॅननला दिसलं, की जठराच्या भिंतीवर एकामागून एक लाटा उठतात आणि अन्न घुसळत पुढे ढकलतात. (आपल्या जठरातही उठतात बरं का, मिनिटाला साधारण तीन.) पण कधी कधी या लाटा एकदम थांबायच्या. का? यंत्र बिघडलं की काय?

यंत्र ठीक होतं. मांजर चिडलेलं होतं! एकदा तर पिल्लं असलेली एक मांजरी पडद्यामागे शांत पडली होती. लाटा छान चालल्या होत्या. अचानक ती बेचैन झाली आणि जठर जागच्या जागी थांबलं, भिंती सैल पडल्या. कॅननने तिला कुरवाळलं. ती घुरघुरायला लागली, तेव्हा कुठे लाटा पुन्हा सुरू झाल्या. तुमची आजी म्हणते ना, "जेवताना रडू नये, अन्न अंगी लागत नाही"? तिने पडदा पाहिला नव्हता, पण तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. राग आणि भीती यांनी शरीरात काय काय घडतं, याच अभ्यासात कॅननने पुढे आयुष्य घालवलं. नुसत्या फोटोवरून हे त्याला कधीच कळलं नसतं.

पण या सिनेमाचं तिकीट महाग होतं. फोटोला किरण क्षणभरच लागतात. सिनेमात मात्र जितका वेळ बघाल तितका वेळ किरण चालू. आणि ते शरीराला इजा करतात, हे सुरुवातीला कुणाला नीट माहीत नव्हतं. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हा मदतनीस होता. नळी नीट चालते का, हे तो स्वतःचा हात मध्ये धरून पाहायचा. रोज, पुन्हा पुन्हा. हाताला जखमा झाल्या, त्या बऱ्या होईनात, मग कर्करोग झाला. आधी डावा हात कापावा लागला, नंतर उजवाही. १९०४ मध्ये तो वारला. एडिसन यांनी क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. पुढे कॅननलाही त्वचेचा मोठा आजार झाला. त्याचं मूळ तरुणपणीच्या या प्रयोगांतच असल्याचं मानलं गेलं.

तरीही माणसं पटकन शहाणी झाली असं नाही. परदेशात १९२० ते १९५० च्या दरम्यान चपलांच्या दुकानांतही अशी यंत्रं असत! नवा बूट घालून पाय यंत्रात घालायचा आणि बोटं वळवळताना बघायची. मुलांना भारी मजा वाटे. बूट नीट बसतो का हे अंगठ्याने दाबूनही कळतं की! शेवटी ही यंत्रं बंद करावी लागली.

दवाखान्यात मात्र हा सिनेमा हवाच होता. तो पडदा इतका मंद उजळायचा, की डॉक्टरांना वीस-तीस मिनिटं अंधारात बसून डोळे सरावावे लागत. किंवा ते आधी लाल काचांचा चष्मा लावून हिंडायचे. म्हणजे अंधारात बघायला लागणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ताज्या राहायच्या.

अशाच एका पडद्यासमोर १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डचा पंचविशीतला डॉक्टर उभा राहिला. वेर्नर फोर्समान त्याचं नाव. त्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेत एक बारीक लांब नळी सरकवली, तशीच आत ठेवून जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि समोर आरसा धरायला लावून पडद्यावर पाहत पाहत ती हृदयापर्यंत नेली. वरिष्ठांनी परवानगी नाकारलेली होती! हा वेडेपणाच. (तुम्ही असलं काही करायचं नाही.) पण १९५६ चं नोबेल पारितोषिक त्याला इतर दोघांबरोबर मिळालं. आज आजोबांची अँजिओग्राफी करायची असं घरात बोलणं होतं ना, त्यातही हेच करतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाजवळ न्यायची, तिच्यातून आयोडीनयुक्त औषध सोडायचं आणि रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली आहे ते पडद्यावर पाहायचं. नळी पुढे सरकवणाऱ्या डॉक्टरांना त्या क्षणी ती कुठे आहे हे दिसायलाच हवं, म्हणून इथे सिनेमाच लागतो.

आता हा सिनेमा खूप कमी किरणांत होतो. १९५० च्या सुमारास मंद चित्र हजारो पटींनी उजळ करणाऱ्या नळ्या आल्या आणि अंधारी खोली गेली. हल्लीची यंत्रं तर किरण सलग सोडतही नाहीत. सेकंदाला सात-आठ किंवा पंधरा वेळा लुकलुकतात, मधल्या वेळात यंत्र आधीचंच चित्र पडद्यावर दाखवत राहतं. डॉक्टर पायाखालचा पेडल दाबतात तेवढाच वेळ किरण सुटतात. पाय काढला, की शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं, ते निवांत बघा. आत काम करणाऱ्यांच्या अंगात शिशाचा जड एप्रन असतो आणि त्याच्या आत छातीवर एक छोटा बिल्ला. त्याच्या अंगावर किती किरण पडले हे तो बिल्ला तपासून कळतं. डॅलीकडे असं काही नव्हतं.

आणि बिस्मथचं काय झालं? त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली. घरात कुणाला गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टर "बेरियमची तपासणी करू" म्हणतात. म्हणजे खडू कालवल्यासारखं घट्ट पांढरं पाणी प्यायचं. बेरियमचे काही दुसरे क्षार विषारी असतात, पण हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात न जाता पोटातून तसाच बाहेर पडतो. चव काही खास नसते. दुसऱ्या दिवशी संडासला पांढरी होते, तेव्हा घाबरून ओरडायचं नाही! फक्त त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगा, नाहीतर पोट गच्च होतं.