दाब, प्रवाह आणि रोध : घरातील विजेचे गणित

बटण दाबले की दिवा लागतो, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण तारेतून किती वीज वाहावी हे कोण ठरवते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

विजेला पुढे ढकलणारा जोर म्हणजे विद्युतदाब; तो व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला वाहणारा विद्युतभार म्हणजे प्रवाह. त्याचे एकक अँपिअर. वाहण्याला होणारा अडथळा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम.

या तिघांचे नाते जॉर्ज सायमन ओहम यांनी शोधले. कुलपे बनविणाऱ्या कारागिराचे हे पुत्र जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक होते. निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी प्रवाह मोजला आणि १८२७ साली आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. प्रारंभी त्याची उपेक्षा झाली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले.

नियम सोपा आहे : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. आपल्या घरात दाब २३० व्होल्ट असतो. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम. म्हणून तिच्यातून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह जातो. त्याच बोर्डावर १५०० वॅटची शेगडी लावली, तर विजेला दुसरी वाट मिळते. एकूण रोध घटतो आणि बोर्डाच्या तारेतील प्रवाह ११ अँपिअरच्या जवळ जातो. बोर्ड मात्र ६ अँपिअरचाच असतो!

तारेलाही थोडा रोध असतोच. तार बारीक व लांब असेल तर तो अधिक. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह अडीचपट झाला की उष्णता सुमारे सहापट होते. मग वेष्टन वितळते आणि आग लागते.

हे टळावे म्हणून फ्यूज असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्याची तार वितळते व मंडल तुटते. तिच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठविणे होय. ओल्या हातांनी बटणाला स्पर्श करू नये, यामागेही हेच गणित आहे : ओल्या त्वचेचा रोध फार कमी होतो.

हा नियम केवळ परीक्षेपुरता पाठ करू नका. आज घरी जाऊन आपल्या एकेका बोर्डावर काय काय जोडले आहे ते पाहा आणि बेरीज करा, एवढीच आमची विनंती.