वीज खोपोलीला, मासे वळवणला

केंद्र : टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. वळवण, लोणावळा व शिरोता तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली घाटपायथ्याला येते. क्षमता ७२ मेगावॅट.

अडचण : महाशीर मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतो. या तलावांच्या धरणांची भिंत नेमकी हीच वाट अडवते.

उपाय : १९७०च्या दशकापासून वळवणला महाशीरची पैदास होते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिचा पाया घातला. पिकलेल्या मादीचे पोट अलगद दाबून अंडी भांड्यात काढतात, त्यांत नराचे वीर्य मिसळतात. जड अंडी तळाशी बसतात, म्हणून ट्रेमधून स्वच्छ पाणी सतत वाहते ठेवावे लागते. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

फलित : निळ्या पराचा दख्खनी महाशीर (टॉर खुद्री) पूर्वी आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ होता, आता तो ‘कमी चिंताजनक’ गटात आहे.

दुसरी बाजू : वळवणच्या याच महाशीरचे बीज (पिल्ले) कावेरीत सोडले गेले. तिथे हा पाहुणा शिरजोर झाला आणि मूळचा कुबडवाला महाशीर अतिसंकटग्रस्त ठरला. बीज ज्या खोऱ्याचे, त्याच खोऱ्यात सोडावे, हा त्यातला धडा.