निजामी राज्य गेले, बंदुका राहिल्या

उमरखेडकडून पैनगंगा ओलांडली की १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख लागे. त्याच राज्याच्या दूरच्या टोकाला, तेलंगणातल्या नलगोंड्याकडे, १९४६ पासून कम्युनिस्टांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचे बंड पेटले होते. कारण काय, तर वेठ. देशमुखाच्या वाड्यावर फुकट राबायचे आणि कसत्या जमिनीवर हक्क मात्र नाही. (तिकडचा देशमुख म्हणजे हजारो एकरांचा धनी, आपल्याकडच्या आडनावावरून अंदाज करू नये.) कुळांनी देशमुखांना पळवून लावले व जमीन वाटून घेतली. पक्षाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३,००० गावांत १० लाख एकर.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत निजामी सत्ता कोसळली. रझाकारांचा जुलूम संपला. पण खरा पेच पुढेच होता. पळालेले जमीनदार फौजेपाठोपाठ परतले आणि आपली जमीन मागू लागले. आता कुळाने बंदूक खाली ठेवायची, ती कोणाच्या भरवशावर? पक्षातच दोन तट पडले. रावी नारायण रेड्डी यांचे म्हणणे, निजाम गेला, लढा थांबवा. इतरांचे म्हणणे, थांबलो तर जमीन गेली. लढा तीन वर्षे चालला आणि त्यात खेड्यापाड्यांतली पुष्कळ माणसे मेली.

सरकारही स्वस्थ नव्हते. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांना १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले. तरी वाटलेली सारी जमीन कुळांकडे टिकली नाही, हे सांगितलेच पाहिजे.

शिवाय राज्य चालवीत होते कोण? आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, मग दिल्लीने नेमलेले वेल्लोडी. मत कोणी विचारलेच नव्हते. ते विचारले गेले पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने सशस्त्र लढा मागे घेतला. हैदराबादेत पक्षावर बंदी होती, म्हणून त्याची माणसे लोकशाही आघाडीच्या नावाने उभी राहिली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी. अक्षरओळख नसलेल्यालाही मत टाकता यावे म्हणून. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, आघाडीला ४२. रेड्डी तर नलगोंड्यातून तीन लाखांहून अधिक मतांनिशी लोकसभेत गेले. मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव हे लोकांनी निवडलेल्या सरकारचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि कालपर्यंत बंदूक धरणारा पक्ष त्यांच्यासमोर विरोधी बाकांवर बसून जमिनीचाच प्रश्न विचारू लागला.