नेमबाजांचे कान
स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या .२२ रायफलचा आवाजही १४० डेसिबलच्या आसपास जातो. मोठ्या बोअरचा त्याहून बराच जास्त. कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत, म्हणून कापसाच्या बोळ्यावर भागवू नये.

फोमचा प्लग स्वस्त आणि उत्तम, पण नीट घातला तर: बारीक वळायचा, कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत धरायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर घातला न घातल्यासारखाच.

इअरमफ झटपट चढतात. मात्र चष्म्याच्या जाड काडीमुळे गादीखाली फट राहते आणि जाड वाटी रायफलच्या दस्त्याला अडते, गाल बसतच नाही. रायफलवाल्यांनी पातळ वाटीचेच बघावेत. बंदिस्त रेंजवर दोन्ही एकदम वापरावेत. संरक्षण दुप्पट होत नाही, पाच-दहा डेसिबलची भर पडते.