छातीच्या शस्त्रक्रियेनंतर मान सुजली तर...

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या रुग्णबाईंच्या फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, ऑपरेशन छातीचं, मग आईची मान का सुजली? दाबलं की कुरकुर लागतं बोटाला. शेक देऊ का?" मी म्हटले, "शेक नको. आधी सिस्टरना बोलाव." ती साधी सूज नव्हती, कातडीखाली हवा शिरली होती.

अशी हवा बहुतेक वेळा शस्त्रक्रिया झालेल्या फुफ्फुसातूनच येते. पण क्वचित तिचे कारण श्वासनलिकेला पडलेली चीर हे असते. या बाईंचे तसेच झाले होते.

फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेत एक फुफ्फुस मिटवून दुसऱ्याने श्वास चालू ठेवावा लागतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ बहुधा तोंडावाटे दोन पोकळ्यांची नळी घालतात. ती नेहमीच्या नळीपेक्षा जाड व ताठ असते. हवा गळू नये म्हणून तिच्यावरचे छोटे फुगे फुगवतात. आपली श्वासनलिका साधारण १० ते १२ सें.मी. लांब. तिच्या पुढच्या बाजूस कूर्चेच्या कड्या असतात, मागे मात्र मऊ पडदा. नळीचे टोक लागले किंवा फुगा जास्त फुगला तर हा पडदा उभा फाटू शकतो. काळजी घेऊनही असे होऊ शकते. स्त्रिया, ठेंगणी माणसे, वृद्ध आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांना धोका थोडा अधिक.

नळीमुळे घसा एक-दोन दिवस दुखतो, आवाज बसतो. त्याने घाबरू नये. पण मान किंवा चेहरा सुजणे, खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब सांगावे. घरी आल्यावर दिसले तर मलम चोळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. दुर्बिणीने व सीटी स्कॅनने निदान होते. लहान चीर अँटिबायोटिक्स आणि देखरेखीवर बहुधा आपोआप भरते. मोठी असल्यास शिवावी लागते.

बाईंची चीर लहान होती. टाके न घालता भरली.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा दम्याच्या किंवा सांध्यांच्या गोळ्या, पूर्वीची घशाची शस्त्रक्रिया, सारे सांगा. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. त्यावरून नळी निवडताना त्यांना मदत होते.