पहिला नंबर, मग बाकावर

अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून धिप्पाड गडी धावून येत असतात आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीला ड्राफ्ट म्हणतात; तिथे आदल्या हंगामातल्या सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळते. पण ती सौदा करून दुसऱ्या संघाकडूनही घेता येते.

२०२३मध्ये कॅरोलायना पँथर्सनी तेच केलं. शिकागो बेअर्सना डी. जे. मूर हा भरवशाचा खेळाडू आणि चार निवडी देऊन त्यांनी अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग पहिल्या क्रमांकावर घेतला. पहिल्या हंगामात १७ पैकी फक्त २ विजय! पुढचा हंगाम सुरू होऊन दोनच सामने झाले होते, तोच त्याच्या जागी ३६ वर्षांचा अँडी डाल्टन आला आणि पहिलाच सामना जिंकला.

दोष एकट्या यंगचा होता, असं मला वाटत नाही. त्याला वाचवणारी फळी कच्ची होती, प्रशिक्षक पहिल्याच हंगामात मध्येच बदलला होता आणि मूर तर सौद्यातच गेला होता. पँथर्सनी दिलेल्या त्या चार निवडींपैकी एकीवर शिकागोने २०२४मध्ये केलेब विल्यम्स हा नवा क्वार्टरबॅक घेतला, तोही पहिल्याच क्रमांकावर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला. यंग पुन्हा मैदानात उतरला आणि हंगाम संपेपर्यंत जागा त्याच्याकडेच राहिली.