रूम स्वस्त आहे, पण शेवटची बस कितीला?

पुण्यात रूम बघायला गेलात की तिसरा-चौथा प्रश्न हमखास येतो, ‘गाडी कुठली आहे?’ गाडी आहे का, असं कुणी विचारत नाही. कुठली, असंच विचारतात. दुचाकी ही इथे पायातल्या चपलेसारखी गृहीत धरलेली असते. ‘गाडी नाही’ म्हटलं की मालक काका क्षणभर आपल्याकडे निरखून बघतात आणि मग खूश होतात, कारण त्यांचं पार्किंग वाचलेलं असतं. आपलं काय वाचलं आणि काय गेलं, ते मात्र पहिला महिना संपताना कळतं.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की लातूर, नांदेड, परभणी, जळगाव, सोलापूर अशा सगळीकडून मुलंमुली स्वारगेटला आणि वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर बॅगा घेऊन उतरायला लागतात. मी चार वर्षांपूर्वी अंबाजोगाईहून अशीच आले. तेव्हापासून स्वतःसाठी तीन रूम शोधल्या आणि मैत्रिणींसाठी किती पालथ्या घातल्या ते मोजायचं सोडून दिलं. सगळ्या पायी, पीएमटीने आणि अगदीच अंधार पडला तर रिक्षाने. (कागदोपत्री पीएमटी आणि पीसीएमटी एक होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. पण स्टॉपवर उभं राहून ‘पीएमपीएमएल आली’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.) या सगळ्या वणवणीतून एक गोष्ट पक्की झाली. गाडी नसेल तर रूमचं भाडं हा अर्धाच आकडा असतो.

सुरुवात सगळेच मॅपपासून करतात. ‘कॉलेजपासून फक्त ७ किलोमीटर, २२ मिनिटं!’ ही २२ मिनिटं दुचाकीवरची. त्याच मॅपमध्ये बसचं चित्र दाबा. स्टॉपपर्यंत चालणं, बसची वाट बघणं, मधे बस बदलणं असं सगळं धरून तोच आकडा एकदम तासाच्या आसपास जातो. आणि मॅपला वाट बघण्यातली अनिश्चितता कळत नाही. दोन बस पाठोपाठ येतात आणि मग पाऊण तास रस्ता कोरडा, हे तिला कोण सांगणार? ‘आपली पीएमपीएमएल’ या अ‍ॅपवर बस कुठपर्यंत आलीय ते दिसतं. रूम ठरवायच्या आधी आठवडाभर हे अ‍ॅप नुसतं उघडून बघितलं, तरी त्या स्टॉपवर किती बस येतात याचा अंदाज येतो.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे टोकन द्यायच्या आधी एकदा तो प्रवास करून बघणं. रविवारी दुपारी नाही, मधल्या वारी आणि आपल्या खऱ्या वेळेला. सकाळी कॉलेजच्या वेळेत तिकडून निघायचं आणि रात्री नऊच्या सुमारास परत जायचं. रात्रीची फेरी जास्त महत्त्वाची. स्टॉपपासून सोसायटीपर्यंत दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, दुकानं उघडी असतात का, हे दिवसा कळत नाही. नऱ्हे-आंबेगाव भागात रूम स्वस्त मिळतात म्हणून खूप मुलं जातात. पण कुठल्या इमारतीत राहतो त्यावर नवले पुलाजवळचा महामार्ग रोज ओलांडायचा की नाही हे ठरतं. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच.

जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळालेला एक कानमंत्र इथे देऊन टाकते. जिथून बस सुटते तिथे राहावं. कोथरूड डेपो, कात्रज, वारजे माळवाडी, हडपसर गाडीतळ, निगडी. तिथून निघताना सकाळी बसायला जागा मिळते आणि एक बस चुकली तरी दुसऱ्या मार्गाची मिळते. मधल्या स्टॉपवर राहणाऱ्यांना दारात लटकणारी गर्दी बघून बस सोडून द्यावी लागते. सातारा रोडला तर २००६ पासून बीआरटीची वेगळी मार्गिका आहे. देशातला तो पहिलाच प्रयोग होता. त्याच्यावर टीका भरपूर झाली, बरीचशी बरोबरही होती, पण धनकवडी-कात्रज पट्ट्यात राहणाऱ्या आणि गाडी नसलेल्या पोरांना स्वारगेटकडे जाणाऱ्या बसची ददात नसते.

मेट्रोनेही हा नकाशा बदललाय. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, या दोन मार्गांची गाठ सिव्हिल कोर्टला पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पाही सुरू झाला. मेट्रोमुळे आता शिवाजीनगर, डेक्कन भागातल्या कॉलेजसाठी दापोडी, बोपोडी, कासारवाडीसारखे भागही विचारात घेता येतात, ज्यांचं नाव पूर्वी आमच्या यादीत नसायचं. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे, त्यासाठीचं कार्ड काढून घ्यायचं. मात्र ब्रोकर ‘मेट्रो येतेय हो इथे’ म्हणाला, तर येईल तेव्हा भाडं वाढवा म्हणावं. होणाऱ्या मेट्रोने उद्या सकाळच्या लेक्चरला जाता येत नाही.

कागद-पेन घ्या

आता हिशोब. समजा, लांबच्या उपनगरात तुमच्या वाट्याला ५ हजार भाडं येतंय आणि कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर साडेसहा हजार. दीड हजाराचा फरक बघून घरचे ‘लांबची घे’ म्हणणारच. पण लांबच्या रूमसोबत पीएमपीचा विद्यार्थी पास आला, महिन्याला ७५० रुपये. (जून २०२५ मध्ये दर वाढले, साधा मासिक पास १५०० झाला, विद्यार्थ्यांचा तेवढा वाचला.) शिवाय रात्री उशीर झाला की मुख्य रस्त्यापासून आत जायला बस नसते. तीन किलोमीटरची रिक्षा धरू. २०२२ मध्ये ठरलेल्या मीटरच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७, म्हणजे साधारण साडेपन्नास रुपये. महिन्यात बारा वेळा असं झालं तर ६०६. एकूण ६ हजार ३५६.

वाचले १४४ रुपये. आणि जाण्यायेण्यात रोज दीड तास जादा गेला, तर २५ दिवसांचे साडेसदतीस तास गेले. रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला, हे यात धरलंय. रात्री दहाला आतल्या रस्त्यावर तो तयार होतोच असं नाही.

अर्थात जवळची रूम सगळ्यांना परवडत नाही आणि जवळ म्हणजे चांगली असंही नाही. सदाशिव, नारायण, शुक्रवार पेठेत ‘कॉट बेसिस’ चालतं. एका खोलीत चार ते सहा कॉट, आपल्या मालकीची जागा म्हणजे गादी आणि तिच्याखालची ट्रंक. संडास-बाथरूमला सकाळी रांग, कपडे वाळत घालायला दोरीचा हातभर तुकडा. तरी स्पर्धा परीक्षांची मुलं पिढ्यान् पिढ्या तिथेच का राहतात? कारण अभ्यासिका, मेस, चहाची टपरी, झेरॉक्स, जुनी पुस्तकं हे सगळं चालत दहा मिनिटांत आहे. त्यांनी हा वरचा हिशोब आपल्याआधी कधीच मांडलेला आहे.

माझी परभणीची एक मैत्रीण स्वस्त मिळाली म्हणून सिंहगड रोडच्याही पुढे राहायला गेली. हॉस्टेलवजा पीजी, गेट रात्री साडेनऊला बंद. डेक्कनला तिचा संध्याकाळचा जर्मनचा क्लास होता, आठला सुटायचा. गाडी असती तर ती आरामात नऊच्या आत पोहोचली असती. बसने कधी सव्वानऊ, कधी पावणेदहा. दोनदा गेटबाहेर उभं राहून काकूंना फोन लावावे लागले, तिसऱ्यांदा काकूंनी परभणीला फोन लावला. वडील म्हणाले, क्लास बंद कर. तिने केला. तिच्याकडे फीचे पैसे होते आणि भाषा तिला चांगली यायला लागली होती. लाख-सव्वा लाखाची स्कूटर आणि गेटची वेळ या दोन गोष्टींच्या मधे तो क्लास अडकला. पीजी बघताना जेवण कसं, वाय-फाय आहे का हे आपण सगळे विचारतो. गेट कितीला बंद होतं आणि बस लेट झाली तर काय, हेही मालकिणीला पहिल्याच दिवशी विचारायला हवं, शक्यतो घरच्यांसमोर.

‘आडनाव काय तुमचं?’

रूम शोधताना पायपीट अटळ आहे, पण तिचा उपयोगही आहे. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी गल्लीत फिरणाऱ्यालाच दिसते. किराणा दुकानदार, इस्त्रीवाले आणि वॉचमन काका यांना रिकाम्या खोल्या ब्रोकरच्या आधी माहीत असतात, आणि ब्रोकर लागला नाही तर साधारण एका महिन्याचं भाडं वाचतं. दिवसभर फिरायचं तर पीएमपीचा ७० रुपयांचा दैनिक पास काढून एका दिवशी एकाच बाजूचे भाग करावेत.

पाट्यांवर ‘फक्त फॅमिली’, ‘बॅचलर्स नकोत’, ‘शाकाहारींनाच’ हे असतंच. पाटीवर नसलेले प्रश्न जास्त बोचतात. सगळं ठरत आलेलं असतं, भाडं मान्य, डिपॉझिट मान्य, आणि मग हळूच ‘आडनाव काय तुमचं?’ त्यानंतर ‘आमच्या भाच्याला लागणारे रूम’ असं उत्तर माझ्या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या सोसायट्यांत मिळालंय. भाचे फार आहेत या शहरात. ज्यांना हे उत्तर मिळतं त्यांची यादी आपोआप छोटी होते, मग ती रूम बसमार्गावर आहे की नाही हे निवडण्याची चैनही त्यांना उरत नाही.

गावाकडे बसून ऑनलाइन रूम ठरवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. फोटो चकाचक, भाडं निम्मं, आणि मालक म्हणतो, ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, बघायला येण्याआधी गेटपासचे पैसे भरा, परत मिळतील.’ ही ठरलेली पद्धत आहे. रूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. आपल्या गावचं कुणी ना कुणी पुण्यात असतंच, त्याला जाऊन बघायला सांगा.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

रूम ठरली की मालक म्हणतो, ‘नोटरी करून टाकू, कशाला खर्च?’ इथे ठाम राहायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स का असेना. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय. खर्चही सांगतात तेवढा नसतो. तिघींनी मिळून महिना १४ हजारांचा फ्लॅट, ५० हजार डिपॉझिट घेतला, तर ११ महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते होतं चारशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. वरचे पैसे अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्या एजंटचे, त्यांच्यात घासाघीस करता येते.

हा कागद फक्त भांडणासाठी नसतो. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी समाजकल्याण खात्याची ‘स्वाधार’ योजना आहे. पुण्यासारख्या शहरात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये. अर्जासोबत भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागतात. आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठीही अशा योजना आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारायला लाजू नका, तिथले क्लार्क स्वतःहून सांगत नाहीत. ग्रामीण भागातून येणाऱ्यांसाठी १९५५ पासून चालणाऱ्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहांचे अर्जही वेळेत भरून ठेवावेत. रूमची शोधाशोध सुरू करायच्या आधी हे दार वाजवून बघायला हवं.

चावी मिळाली की सामान आत न्यायच्या आधी भिंती, नळ, पंखे, गिझर यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा, तारखेसकट. डिपॉझिटमधून ‘पेंटिंगचे’ कापताना ते उपयोगी पडतात. आणि गादी-टेबल जुन्या बाजारातून घेणार असाल तर तो बुधवारी आणि रविवारी भरतो. कपाट घ्यायचा मोह आवरा. कंडक्टर गादीची गुंडाळी एखाद्या वेळी चढवू देतो, कपाटासाठी छोटा हत्तीच करावा लागतो. आणि ११ महिन्यांनी परत एकदा.